देवळाचं आवार

आमच्या डोंगरीत चर्चला चर्च फार कोणी म्हणत नाही. आम्ही देऊळ म्हणतो. देवळाची घंटा झाली, देवळात चाललो, देवळामागं थांब, अशीच आमची बोली. भायंदर स्टेशनाजवळ नव्यानं राहायला आलेला माणूस हे ऐकतो तेव्हा त्याला आम्ही एखाद्या मंदिराबद्दल बोलतोय असं वाटतं. मग सांगावं लागतं : अवर लेडी ऑफ बेथलेहेम, डोंगरीचं देऊळ. पुढं उत्तनला समुद्राच्या मातेचं, इकडं भायंदरला नाझरेथच्या मातेचं, महामार्गाच्या अंगाला काशीमिऱ्याला संत जेरोमचं. मीरा-भायंदर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं टॉवर येतात. माझ्या डोळ्यांपुढं आधी ही चार देवळं येतात, आणि देवळांहूनही आधी त्यांची आवारं.

या आवारांचा इतिहास लिहावा असं पहिल्यांदा मनात आलं ते इथं नाही, जर्मनीत. मी सदतीस-अडतीस वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिन रूममध्ये काढली. १९८४ च्या जानेवारीत आमचं जहाज हॅम्बुर्गला लागलं होतं. एल्ब नदीच्या पाण्यावर बर्फाचे पापुद्रे तरंगत होते. सुट्टी मिळाल्यावर मी धक्क्यावरून वर चढलो आणि डिटमार-कोएल नावाच्या रस्त्याला लागलो. त्या एका रस्त्यात चार देशांच्या खलाशांची चार चर्चेस आहेत : नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड. आणि मोहल्ला कोणाचा, तर पोर्तुगिजांचा. १९६० नंतर पोर्तुगालमधून कामगार हॅम्बुर्गला आले, बंदराजवळ राहिले, त्यांनी खाणावळी काढल्या. लोक त्या भागाला पोर्तुगीज वस्ती म्हणतात. माझं आडनाव पोर्तुगीज, भाषा मराठी, अंगात आगवाल्याचं जॅकेट, आणि समोर फिनलंडचं देऊळ. बाहेर थंडी इतकी होती की जे दार पहिलं उघडं दिसलं त्यात शिरलो.

आत कॉफीचा वास. भिंतीशी फिनलंडची वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांना अडकवलेली. एका कपाटात राईच्या पिठाची काळी भाकरी, मासळीचे डबे आणि खारट चवीच्या काळ्या गोळ्या विकायला. एका बाजूला छोटे छोटे खण, त्यांत खलाशांची पत्रं. जहाज येईल तेव्हा येईल, तोवर पत्र तिथं सांभाळून ठेवलेलं. आणि त्याच इमारतीत सौना, म्हणजे त्यांचं वाफेचं न्हाणीघर. देवाच्या घरात न्हाणीघर! कॉफी देणाऱ्या बाईंना मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे सगळं इथं कशाला? त्या म्हणाल्या, सहा-सहा महिने आपली भाषा कानावर न पडलेला पोरगा आधी इथं बसून बोलतो. प्रार्थनेचं तो नंतर बघतो. मग त्यांनी मला विचारलं, तुमचं चर्च कसं आहे? मी म्हणालो, पोर्तुगिजांनी बांधलेलं, पण आम्ही प्रार्थना मराठीत करतो. त्यांनी विचारलं, मग पोर्तुगीज येतात का तिथं? मी म्हणालो, नाही, ते १७३९ सालीच गेले.

बाईंना ते पटकन समजलं नाही. खरं तर बोलून झाल्यावर मलाही ते नव्यानं जाणवलं. त्यांच्या लोकांनी परक्या मुलखात आपल्या माणसांसाठी देऊळ बांधलं होतं. आमच्याकडं परक्या लोकांनी येऊन देऊळ बांधलं, ते निघून गेले, आणि देऊळ आमचं झालं. पण आतलं काम दोन्हीकडं एकच चाललेलं होतं.

फिनलंडच्या खलाशी मिशनची स्थापना १८७५ ची. शिडाच्या जहाजांवरची त्यांची पोरं युरोपच्या बंदरांत दारूत आणि फसवणुकीत बुडत होती म्हणून पाद्री पाठवायला सुरुवात झाली. लंडनला रॉदरहाइथमध्ये त्यांचं आजचं चर्च १९५८ साली उभं राहिलं. तिथल्या सरे गोदीत बाल्टिक समुद्राकडून लाकूड भरलेली जहाजं यायची. १९७० साली ती गोदी बंद झाली. खलाशी संपले, चर्च मात्र चालू राहिलं, कारण तोवर लंडनमध्ये शिकायला आलेली पोरं, घरकामाला आलेल्या मुली, लग्न करून राहिलेल्या बाया यांना ते हवं होतं. नाताळाआधीचा त्यांचा बाजार अजून भरतो.

आता आपल्या खाडीवर येतो.

नकाशात साष्टी बेटाच्या वायव्य कोपऱ्याला जमिनीची एक जीभ पुढं आलेली दिसते, समोर वसई. तिला जुन्या कागदांत धारावी बेट म्हणतात; मुंबईतल्या धारावीशी तिचा संबंध नाही. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली, चौक ही तिच्यावरची गावं. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह यानं वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि साष्टीही त्यांच्याकडं गेली. धर्मांतरं झाली, देवळं उभी राहिली. ती सगळी प्रेमानं झाली असं मी म्हणणार नाही. जुनी मंदिरं पाडली गेली हा इतिहास आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण चार शतकांनंतर त्या दगडांत आमच्या बापजाद्यांचा घामही मुरलेला आहे. धारावी बेटाचा काळा दगड खाडीपार वसईला जायचा. तो फोडणारे, बोटीत भरणारे हात इथलेच होते.

देऊळ बांधलं म्हणजे चार भिंती झाल्या, आवार झालं असं नाही. आवार हळूहळू झालं. देवळाला लागून शाळा आली, कारण पाद्र्याला गाणारी पोरं हवी होती. गाणं शिकवायला मास्तर आला, त्याच्याबरोबर व्हायोलिन आलं. दफनभूमी आली. विहीर आली. सणाच्या दिवशी बाहेरगावचे लोक आले, त्यांच्यासाठी मांडव आला, मांडवात मिठाई आणि खेळणी आली. आणि कार्यालयाच्या कपाटात नोंदवह्या आल्या.

या नोंदवह्यांबद्दल मला जरा थांबून सांगायचंय. १९७५ साली जहाजावर जायचं म्हणून सीडीसी काढायची होती, आम्हा खलाशांचं ते ओळखपुस्तक. जन्माचा दाखला मागितला. माझा जन्म घरी झालेला, सुइणीच्या हातून. सरकारी दप्तरात कसली नोंद नाही. आई म्हणाली, देवळात जा. फादरांनी कपाटातून एक लांबट वही काढली, पुठ्ठ्याला कापड लावलेली, कोपरे झिजलेले. वर्ष काढलं, पान काढलं, आणि बोट टेकवलं. माझं नाव, जन्म कधी, बाप्तिस्मा कधी, आईबापाचं नाव, पाद्रीन कोण, माद्रीन कोण, म्हणजे बाप्तिस्म्याचे धर्मपिता-धर्ममाता. माझ्या ओळीच्या वर त्याच आठवड्यात जन्मलेला पोरगा, तो पुढं शाळेत माझ्या बाकावर बसायचा. बाप्तिस्म्याच्या त्या दाखल्यावर माझी सीडीसी झाली, पासपोर्ट झाला, पुढं पेन्शनही झाली. आमच्या गावात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचं असंच आहे.

फादर भले होते. त्यांनी मला बाबांचीही नोंद काढून दाखवली. ती लॅटिनमध्ये. ज्या बाबांना सगळा गाव जुजे म्हणायचा ते त्या पानावर 'जोसेफुस' होऊन बसले होते. मी घरी येऊन सांगितलं तर बाबा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "मला कोणी कधी सांगितलं नाही." एका माणसाचं नाव कुठंतरी शाईनं लिहिलेलं आहे, दुसऱ्या भाषेत का असेना, आणि ते साठ वर्षं कोणी पुसलेलं नाही, एवढ्यानं त्यांना किती वाटलं हे मी पाहिलंय.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि साष्टीची बाजू फिरली. वसईच्या खाडीचं तोंड धारावी बेटावरून राखता येतं, त्यामुळं हे बेट मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पांना हवंच होतं. १७३९ च्या सुरुवातीला ते मराठ्यांकडं आलं, आणि मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज देवळांच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर एक आहे, वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक आहे. मेणवलीची मी बघून आलोय. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. तिथल्या माणसानं मला कुठून आलात विचारलं. मी म्हणालो, घंटेच्या माहेराकडून. त्यानं मला बसायला घोंगडी दिली आणि चहा आणला.

पण माझ्या मते आमच्या इतिहासातली मोठी गोष्ट घंटांची नाही, त्यानंतरची आहे. गोरे पाद्री निघून गेले. किल्ले गेले, जहागिरी गेल्या, राजाचा पैसा आटला. असं झालं की बाहेरून आलेला धर्म साधारणपणे ओसरतो. इथं ओसरला नाही. देशी पाद्र्यांनी देवळं चालवली, आणि मराठ्यांनी त्यांना ती चालवू दिली. १७६० च्या सुमारास अंकेतिल द्यू पेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरला. त्याला इथले ख्रिस्ती लोक उघडपणे, थाटामाटात सण करताना दिसले, आणि वेदीपाशी उभे असलेले पाद्री याच मातीचे होते. म्हणजे राजा हिंदू, पुजारी कोकणी, गाणी मराठी. त्या पस्तीस वर्षांत देऊळ खऱ्या अर्थानं गावाचं झालं असं मी मानतो. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्याकडं गेली, तोवर हे काम होऊन चुकलं होतं.

इंग्रजांच्या काळात आम्हाला नाव मिळालं. रेल्वे आली, १८६७ पासून विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली, नोकऱ्या आल्या, आणि त्याच नोकऱ्यांसाठी गोव्याचे व मंगळूरचे ख्रिस्ती बांधवही आले. तेव्हा इथल्या मूळच्या लोकांनी आपण कंपनी सरकारची जुनी रयत आहोत हे दाखवायला ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचं नाव 'पूर्वेकडचा', याचं माझ्या जहाजावरच्या सोबत्यांना फार नवल वाटायचं. मला विचाराल तर ते नाव नोकरीच्या अर्जापुरतं होतं. घरात आम्ही शेतकरी, कोळी, पाथरवट आणि मिठागरावरचे मजूर, हीच आमची ओळख.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. साष्टीत आणि मुंबईत आळीआळीला जे दगडी क्रूस दिसतात, त्यांतले बरेच त्या साथीच्या काळातले. माणसं देवळापर्यंत जाऊ शकत नव्हती, म्हणून देऊळ आळीत आलं. साथ गेली तरी क्रूस राहिले. मे महिन्यात संध्याकाळी प्रत्येक आळी आपला क्रूस चुन्यानं रंगवते, फुलांचे हार घालते, मेणबत्त्या लावते. लादीन, म्हणजे आमची गायची प्रार्थना, गायली जाते आणि मग उकडलेले चणे वाटतात. लहानपणी आम्हाला लादीन लांबलेली आवडायची नाही, सगळं लक्ष चण्यांच्या टोपावर. पण लादीन संपल्यावर मोठी माणसं तिथंच दगडावर बसायची, आणि कोणाच्या बांधाची भांडणं, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाचं पोर जहाजावर गेलं त्याची खबर, हे सारं तिथं निघायचं. दोन भावांचं वीस वर्षांचं वैर एका लादीनीनंतर मिटलेलं मी पाहिलंय. कोर्टात ते मिटलं नव्हतं.

पैशाचंही तसंच. वसईला १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी पापडीला कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. सावकाराच्या हातून शेतकरी सुटावा म्हणून. तिचीच पुढं बसीन कॅथलिक बँक झाली. खाडीपलीकडच्या त्या उदाहरणानं आमच्या गावांनाही धीर आला.

उत्तनच्या देवळाची रीत वेगळी, कारण तिथं समुद्र आहे. माझी बायको पालीची, कोळ्यांच्या घरातली. तिथं किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात, डोलीची जाळी दुरुस्त होतात, आणि देवळाचं नावच समुद्राची माता. जगभरच्या कॅथलिक खलाशांसाठी १९२० साली ग्लासगोत सुरू झालेल्या मिशनचं नावही त्याच मातेचं, स्टेला मारिस, समुद्रतारा. वादळाची बातमी आली आणि बोटी आत समुद्रात असल्या की बाया देवळात जाऊन बसतात. कोणी बोलावत नाही. रात्रभर दार उघडं असतं, कोणी चहा आणतं. माझी सासू सांगायची, त्या वेळी देवळात ख्रिस्ती-हिंदू बघत नाहीत, ज्यांची बोट आत आहे ती सगळी आत येतात.

आता भाषेचं. माझं खरं दुखणं तेच आहे.

१६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, हे मराठी वाचकाला माहीत असतं. पण वसई-साष्टीच्या लोकांचं वेगळं पुराण होतं, ते कमी लोकांना माहीत आहे. फ्रान्सिस्को व्हाझ द गिमाराइस या धर्मगुरूनं ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा इथल्या बोलीत ओव्यांत रचली आणि १६५९ साली लिस्बनला ती रोमन लिपीत छापली गेली. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, हे पुराण आमच्या घरांतून गायलं जायचं. माझ्या आजीला रोमन अक्षर एक येत नव्हतं. तिला ते पाठ होतं. रात्री जेवणं उरकली की ती ओट्यावर बसायची, डोक्यावर लुगड्याचा पदर घ्यायची आणि हलक्या आवाजात सुरू करायची. शेजारच्या दोन बाया झेलायच्या. येशूला क्रूसावर चढवतात तिथं आजीचा आवाज जड व्हायचा, दर वर्षी, त्याच ओळीला. आईच्या मांडीवर झोपेला आलेला मी, आणि अंगणापलीकडून येणारा मिठागराचा वारा, हे मला अजून जसंच्या तसं आठवतं.

बाबांनी आजीकडून ऐकून ती गाणी देवनागरीत एका वहीत उतरवली होती. शंभर पानी वही, लाल पुठ्ठ्याची. मी जहाजावर असताना घराचं छप्पर बदललं, वही माळ्यावरच्या पेटीत राहिली. १९९१ ला सुट्टीवर आलो आणि पेटी उघडली. वाळवीनं आतून सगळं पोखरलं होतं. पुठ्ठा शाबूत, मधली पानं माती. चार पानं हाती लागली, तीही अर्धीमुर्धी. बाबा तोवर गेले होते, आजी तर कधीच गेली होती. जगातली पन्नासेक बंदरं मी पाहिली, पण घरातली एक वही मला राखता आली नाही.

देवळातल्या मिस्साची, म्हणजे उपासनेची, भाषा माझ्या डोळ्यांदेखत बदलली. माझ्या लहानपणी फादर आमच्याकडं पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणायचे. १९६२ ते १९६५ रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायला परवानगी मिळाली. फादर आमच्याकडं तोंड करून उभे राहिले आणि मराठीत बोलू लागले. गावातल्या काही म्हाताऱ्यांना ते रुचलं नाही. लॅटिन समजत नसली तरी ती देवाची भाषा होती. माझी आजी मात्र म्हणाली, "आता मला मधेच ओव्या म्हणायला नकोत, फादरच सांगतात."

१९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. खाडी हीच हद्द ठरली. आम्ही या बाजूचे, मुंबईच्या धर्मप्रांतात राहिलो. वसईकडं मराठी ही देवळाची मुख्य भाषा राहिली. तिकडच्या 'सुवार्ता' मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या दिवशी आमच्या घरी गोड केलं होतं. आमच्याकडं मराठी टिकून आहे, पण इंग्रजी शाळांतून आलेल्या पोरांना ती प्रार्थनेची भाषा वाटेनाशी झालीय. मी कोणाला दोष देत नाही. माझीच नातवंडं इंग्रजीत पापनिवेदन करतात.

दरम्यान शहर वाढलं. १९८५ ला नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भायंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. मुंबईत घर न परवडणारे लोक मीरा रोडला आले. त्यांत केरळचे, मंगळूरचे, गोव्याचे, तमिळ मुलखाचे ख्रिस्तीही होते. आणि मीरा रोडला मला हॅम्बुर्ग पुन्हा दिसलं.

एका मल्याळी शेजाऱ्याच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनला गेलो होतो. तो जहाजावर माझा सोबती होता, दोघांनी मिळून बॉयलर साफ केलेले. १९८८ साली कल्याणला सीरो-मलबार लोकांचा वेगळा धर्मप्रांत झाला, तेव्हापासून मुंबईच्या आजूबाजूला त्यांची आपल्या रीतीची, आपल्या भाषेची देवळं उभी राहिली. मिस्सा मल्याळममध्ये. नंतर खालच्या हॉलमध्ये आप्पम आणि स्ट्यू, भिंतीवर केरळातल्या नर्सच्या नोकऱ्यांच्या आणि गावी जाणाऱ्या गाड्यांच्या चिठ्ठ्या, कोपऱ्यात पोरांना मल्याळम अक्षरं शिकवण्याचा वर्ग. एक म्हातारी खुर्चीत बसून नुसती ऐकत होती. सोबती म्हणाला, ही मुलाकडं आलीय, बिल्डिंगमध्ये हिच्याशी बोलणारं कोणी नाही, म्हणून रविवारी सकाळी सातला येते ती दुपारी जाते. मला त्या कॉफीवाल्या बाई आठवल्या.

मीरा रोडच्या सेंट जोसेफला किंवा भायंदरच्या नाझरेथ मातेच्या देवळाला सणाच्या दिवशी जा. कोकणी, इंग्रजी, तमिळ, मराठी एकाच आवारात ऐकू येतात. एकजण सान्ना विकतो, दुसरी फुगे नावाचं पक्वान्न तळते. ईस्ट इंडियन बायका बाटलीत कुटून भरलेला मसाला मांडतात. जे परके म्हणून आले त्यांना आवारानं आपलं केलं, हे मी मोठं पुण्य मानतो. पण ज्यांचं आवार होतं त्यांचीच बोली त्यातून उठून जाऊ नये, एवढंच मला म्हणायचंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं आगेरा असतो, पहिल्या पिकाचा सण. भाताच्या पहिल्या ओंब्या कापून ढोलताशात मिरवत देवळात नेतात, फादर आशीर्वाद देतात आणि प्रत्येक घरी एक ओंबी जाते. माझी आई ती घरच्या वेदीवर मरियामातेच्या पायाशी ठेवायची आणि नव्या दाण्यांची खीर करायची. माझ्या लहानपणी डोंगरी ते मोर्वा सगळी भातशेती. आता जागा गेल्या. ज्या तुकड्यात भात उरलाय त्याच्या मालकाकडून दोन पेंढ्या मागून आणाव्या लागतात. मागच्या वर्षी मी गेलो होतो मागायला. त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "काका, देवळाच्या भाताचे पैसे कसे घेऊ?" हा भाऊ आगरी, हिंदू. त्याच्या आजोबांनीही देवळासाठी ओंब्या दिल्या होत्या.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनानं देवळांची दारं लागली. ईस्टरच्या रात्री आवार रिकामं होतं. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. त्या रात्री घरी बसून मी वाळवीतून वाचलेली चार पानं काढली आणि जेवढं येत होतं तेवढं गायलं. नातीनं फोनवर ते टिपून घेतलं. अकरा मिनिटं झाली. आमच्या घरातलं सगळं पुराण आता त्या अकरा मिनिटांत आहे.

डोंगरी, उत्तन, राई, भायंदर, काशीमिरा, गोराई, आणि खाडीपलीकडं वसई-नायगाव, या गावांतल्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, पेटीत, देव्हाऱ्याच्या मागं उपवासकाळच्या गाण्यांची वही असेल, लादीनीची हस्तलिखित पानं असतील, बाप्तिस्म्याचा जुना दाखला किंवा मास्तरांची सुरावटीची वही असेल, तर या आठवड्यात ती बाहेर काढा. उन्हात नको, सावलीत वारा लागू द्या, प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि एक प्रत आपल्या देवळाच्या कार्यालयात द्या. ज्यांच्या घरात गाणारी म्हातारी अजून आहे त्यांनी वहीचीही वाट पाहू नये. आज संध्याकाळी तिच्यापुढं फोन ठेवा आणि तिला गाऊ द्या. देवनागरीत उतरवायला कोणी हवं असेल तर रविवारच्या मराठी मिस्सानंतर मी डोंगरीच्या आवारात, विहिरीच्या बाजूला बसलेला असतो.